भिंत झाकायच्या आधी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत न्यू जर्सीच्या मध्य भागात लहान घरांच्या वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. वर दीड मजला, खाली काँक्रीट ब्लॉकच्या भिंतींचं बेसमेंट. त्या काळी बेसमेंट राहण्यासाठी नव्हतंच. तिथे घर तापवायची भट्टी असे, कपडे धुण्याची जागा असे, मोडकं सामान पडलेलं असे. भिंती थोड्या ओलसर राहिल्या तरी कुणाचं काही बिघडत नसे. तळाच्या काँक्रीटखाली प्लास्टिकचा थर घालायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर डांबराचा एक हात, एवढ्यावर भागायचं. आज एडिसन, पिस्कॅटवे, मेटाचन या पट्ट्यात अशी घरं घेणाऱ्यांत मराठी कुटुंबंही आहेत, आणि घर ताब्यात आलं की वर्षभरात एक विषय निघतोच: बेसमेंट फिनिश कधी करायचं?

माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे. खाली पाणी कुठून येतं, हे ठाऊक आहे का? पण ज्याला घरात जागा कमी पडते आहे त्याला हा प्रश्न म्हणजे नसती अडचण वाटते, आणि त्याचंही म्हणणं पोकळ नसतं. म्हणून दोन्ही बाजू इथे समोरासमोर ठेवतो आहे. निखिल आणि सुधाआत्या ही नावं मी दिलेली. घर १९५४ सालचं, निखिलने गेल्या वर्षी घेतलेलं. ईशा ही त्याची मुलगी. आत्या पिट्सबर्गला असते. सिव्हिल इंजिनिअर, आता निवृत्त, नोकरीची बहुतेक वर्षं जुन्या इमारतींचे पाये तपासण्यात गेलेली. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. दोघं बेसमेंटच्या जिन्याच्या तळाशी उभी आहेत आणि निखिलच्या हातात कॉन्ट्रॅक्टरचं एस्टिमेट आहे.

निखिल: आत्या, फ्रेमिंग सुरू करायला हरकत नाही एवढं तू म्हण, बाकी मी बघतो. सोमवारी त्याला होकार द्यायचाय. आई-बाबा मे महिन्यात येतायत, सहा महिने राहणार. ईशाच्या खेळण्यांनी हॉल भरलाय, मी जेवणाच्या टेबलावर बसून ऑफिसचं काम करतो. आणि खाली ही आठशे चौरस फूट जागा नुसती पडून आहे.

आत्या: हरकत आहे. तो कोपरा बघितलास?

कोपऱ्यात, खालून तिसऱ्या ब्लॉकपर्यंत, रंगाचे पोपडे सुटले होते. पोपड्याखाली पांढरी, मऊ भुकटी. जवळच्या लोखंडी खांबाच्या तळाशी गंजाचं कडं धरलेलं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आत्याने हात लावला तर तळ बोटाने दाबला जात होता.

निखिल: ती बुरशी ना? त्याने सांगितलंय, ब्लीच मारून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात देऊ, मग फ्रेम उभी करू.

आत्या: बुरशी नाही ही. थोडी बोटावर घे आणि पाण्याचा थेंब टाक. गेली ना विरघळून? बुरशी अशी विरघळत नाही. हा क्षार आहे. बाहेरचं पाणी ब्लॉकमधून आत येतं, येताना सिमेंटमधले क्षार घेऊन येतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार इथे राहतो. तो तिसऱ्या ब्लॉकपर्यंत आहे, म्हणजे पाणी तिसऱ्या ब्लॉकपर्यंत येऊन गेलंय.

निखिल: पण वर्षभरात इथे पाणी साचलेलं मी एकदाही पाहिलं नाही. घर घेताना इन्स्पेक्टर आला होता, त्यानेही "ओलाव्याच्या किरकोळ खुणा" एवढंच लिहिलं.

आत्या: साचत नाही, कारण भिंत उघडी आहे. येतं तेवढं सुकून जातं. तू पुढे लाकडाची फ्रेम, फायबरग्लास आणि ड्रायवॉल उभं केलंस की येणारं पाणी तेवढंच राहील आणि सुकण्याची वाट बंद होईल. ड्रायवॉलच्या दोन्ही अंगांना कागद असतो, बुरशीला तो खायला पुरतो. भिजलेला कागद एक-दोन दिवसांत सुकला नाही की ती धरतेच. आणि ती धरणार मागच्या बाजूला. तुला आधी वास येईल, मग ईशाला शिंका, आणि मग दोन वर्षांनी कुणीतरी करवतीने भिंत कापून दाखवेल.

निखिल: म्हणून तर वॉटरप्रूफ रंग. पाणी आतच येऊ द्यायचं नाही.

आत्या: रंग आतल्या बाजूने, पाणी बाहेरून. भिंतीबाहेरची माती भरून एक मीटर पाणी उभं राहिलं तर तळाशी दर चौरस मीटरला एक टन जोर येतो. तो जोर रंगाला भिंतीपासून ढकलतो. शिवाय हे ब्लॉक आतून पोकळ आहेत. तू रंग दिलास तर पाणी त्या पोकळीत साठेल आणि तळाच्या सांध्यातून फरशीवर येईल. किंचित दमटपणा असेल तर तो रंग उपयोगी पडतो, मी नाही म्हणत नाही. पण या पोपड्यांकडे बघ. हाही कधीतरी कुणीतरी दिलेला तसलाच रंग आहे.

निखिल गप्प झाला, पण त्याला पटलं होतं असं नाही. इथे मला मध्ये पडून एक सांगावंसं वाटतं. कॉन्ट्रॅक्टर अप्रामाणिक असतो असं बिलकूल नाही. त्याला बेसमेंट फिनिश करायला बोलावलेलं असतं, तो फिनिश करायचाच भाव देतो. पाणी कुठून येतं हे शोधायला त्याला कुणी बोलावलेलं नसतं, त्याचे पैसेही कुणी देत नाही. शोधण्याचं काम मालकाचं आहे आणि ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

आत्या: खाली ओल येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. पावसाचं पाणी भिंतीलगत मुरून येतं. जमिनीतली पाण्याची पातळी वर चढली की तळातून येतं. काँक्रीट जमिनीतली ओल बारीक छिद्रांतून वर ओढतं, तिथे पाणी दिसत नाही पण कार्पेटखाली वर्षभर दमट राहतं. आणि चौथी वाट म्हणजे हवा. यातली तुझी कोणती आहे ते ठरल्याशिवाय इलाज ठरवणार कसा?

निखिल: ते ठरवायला आणखी एक इंजिनिअर बोलवायचा आणि त्याचेही पैसे द्यायचे.

आत्या: दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा तळाच्या उघड्या काँक्रीटवर चारी बाजूंनी पट्टीने घट्ट चिकटव आणि रात्रभर ठेव, सोळा तास तरी. उचलल्यावर खालचं काँक्रीट काळपट दिसलं किंवा थेंब दिसले तर ओल जमिनीतून वर येतेय. भिंतीवर तसाच अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा लाव. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली झाली तर खोलीतली हवाच दमट आहे. कोरड्या आठवड्यात एकदा कर, पावसानंतर एकदा, आणि जुलैत एकदा. एका रात्रीवरून निकाल द्यायचा नाही. चल आता बाहेर. खाली बघण्यासारखं फारसं काही राहिलेलं नाही.

बाहेर भुरभुर पाऊस होता. घराच्या मागच्या कोपऱ्यावर, बरोबर त्या पोपड्यांच्या वर, छपराच्या पन्हळीतून उतरणारा नळ भिंतीपासून फूटभर अंतरावर संपत होता. त्याच्या तोंडाशी मातीत परातीएवढा खळगा पडला होता आणि त्यात पाणी उभं होतं. पन्हळ मेपलच्या पानांनी गच्च भरलेली. एका जागी पाणी पन्हळीवरून ओसंडून थेट भिंतीवर ओघळत होतं, आणि विनाइलच्या आवरणावर त्याचा हिरवट पट्टा उमटला होता.

आत्या: तुझं छप्पर साधारण हजार चौरस फुटांचं. एक इंच पाऊस पडला की त्यावर तेवीसशे लिटरच्या वर पाणी पडतं. त्यातला निदान चौथा हिस्सा तू या कोपऱ्यात, पायाला लागून, ओततोयस. आणि हे पुणं नाही. पुण्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत, मग माती सुकायला आठ महिने मिळतात. इथे अकराशे-बाराशे, बाराही महिन्यांत वाटून. त्यात मार्चमध्ये बर्फ वितळतं. आणि तुमच्याकडची ही लाल, चिकण माती एकदा भिजली की पाणी सोडत नाही.

निखिल: एवढ्याशा नळीमुळे?

आत्या: नळी आणि उतार. घर बांधताना पायासाठी खड्डा खणतात, भिंत झाली की बाजूची पोकळी मोकळ्या मातीने भरतात. ती माती वर्षानुवर्षे दबत जाते. आता हा वाफा बघ, भिंतीकडे कललाय. पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार घरापासून बाहेर हवा, असं इथल्या निवासी बांधकामाच्या नियमांत लिहिलंय. तुझ्याकडे तो उलटा आहे. आणि वर आच्छादन म्हणून कुणीतरी लाकडाचा भुसा घालून ठेवलाय, तो पाणी धरून बसतो. रत्नागिरीला आपल्या घराचं जोतं आठवतं? अडीच फूट उंच जांभ्याचं, आणि पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात म्हणून वळचण केवढी पुढे काढलेली. आजोबांनी कुठे शिकायला जाऊन ते केलं नव्हतं.

निखिल: तिथे बेसमेंट नव्हतं, आत्या.

आत्या: नव्हतंच. तेवढ्या पावसात कुणी खणलंही नसतं.

आत्याचं म्हणणं साधं होतं. पन्हळी साफ कर, नळांना सहा ते दहा फूट लांबीचे पुढचे तुकडे जोड, भिंतीलगत चिकण माती भरून, ठोकून उतार घे, खिडकीच्या खड्ड्यांवर झाकणं टाक. दोन शनिवार-रविवारांचं काम, खर्च शेकड्यांत. जुन्या घरांतल्या ओलसर बेसमेंटांचा मोठा भाग एवढ्यानेच सुधारतो, हे इथले अनुभवी इन्स्पेक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. आणि नेमकं हेच काम सगळ्यांत कमी वेळा होतं, कारण त्यात फोटो काढून पाठवण्यासारखं काही नसतं.

निखिल: समजा हे सगळं केलं. तरी माझ्याकडे दुसरं एस्टिमेट आहे, बेसमेंट वॉटरप्रूफिंगवाल्यांचं. आतून चारी भिंतींलगत काँक्रीट फोडून छिद्रांचा पाइप टाकायचा, पाणी सम्पमध्ये, म्हणजे तळातल्या खड्ड्यात, आणायचं, पंपाने बाहेर फेकायचं. चौदा हजार डॉलर आणि आजन्म वॉरंटी. एकदा पैसे टाकले की डोक्याला त्रास नाही. तू सांगतेस ते बाहेरचं काम म्हणजे नेमाने पानं काढत बसायचं. मी नोकरी करतो, मला लहान मूल आहे. कायमचा इलाज असताना मी दरवर्षीचा का निवडू?

हा आक्षेप खरा आहे. घराची निगा राखायला वेळ लागतो आणि तरुण कुटुंबांकडे तोच नसतो. आत्याने तो झटकला नाही.

आत्या: ती योजना वाईट नाही. जमिनीतलं पाणीच वर येत असेल तर तोच योग्य इलाज. बाहेरून सगळा पाया खणून भिंतीला पडदा लावायचा तर खर्च त्याच्या कितीतरी पट, आणि तुझ्या ड्राइव्हवेखाली ते जमणारही नाही. पण ती योजना पाणी अडवत नाही, आलेलं पाणी उचलून बाहेर टाकते. तुझं पाणी छपरावरून येत असेल तर तू चौदा हजार देऊन छपराचं पाणी आधी पायात मुरवणार, मग भिंतीतून आत घेणार आणि मग विजेने बाहेर फेकणार. आधी छपराचं पाणी लांब ने. एप्रिलपर्यंत बघ. तरी तळातून पाणी आलं तर सम्प बसव, मी स्वतः येऊन उभी राहीन.

निखिल: आणि दरम्यान आयडासारखं वादळ आलं तर?

१ सप्टेंबर २०२१ ची संध्याकाळ या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. आयडा चक्रीवादळ लुइझियानात धडकून विरत इथवर आलं होतं, पण सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस झाला. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री तेरा माणसं गेली, त्यातली अकरा बेसमेंटमधल्या खोल्यांत अडकून.

आत्या: तसा पाऊस आला तर माझी नळीही कमी पडेल आणि तुझा पंपही. अशा वादळात वीज जाते, आणि वीज गेली की पंप थांबतो. म्हणून सम्प बसवायचा तर बॅटरीवर चालणारा दुसरा पंप त्याच दिवशी बसवायचा. सांडपाण्याची लाइन उलटू नये म्हणून त्यावर झडप आहे का ते प्लंबरला विचारायचं. आणि विम्याचा कागद वाच. साध्या होमओनर्स पॉलिसीत जमिनीतून झिरपलेलं पाणी धरत नाहीत, सम्प तुंबून पाणी भरलं तर त्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं. सरकारी पूरविमा भट्टी, गीझर असल्या गोष्टींना पैसे देतो, पण फिनिश केलेल्या भिंती, फरशी, तिथला सोफा यांना नाही. म्हणजे तू तिथे घालशील ते बहुतेक तुझ्या जोखमीवर. आणि आई-बाबांना तिथे झोपवायचा विचार असेल तर सरळ सांगते, नको.

निखिल: का? मी चांगली खोली करतोय त्यांच्यासाठी.

आत्या: झोपायची खोली म्हटली की माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी लागते. साडेपाच चौरस फुटांहून जास्त मोकळं तोंड, आणि खिडकीचा उंबरठा फरशीपासून ४४ इंचांच्या आत. ही तुझी खिडकी मांजर निघेल एवढी आहे. परमिट काढलंस तर गावचा इन्स्पेक्टर पहिल्यांदा हेच विचारेल. आणि परमिट न काढता करायचं मनात असेल तर मला आत्या म्हणू नकोस.

इथे निखिल हसला, पण परमिटचा विषय त्याने पुढे नेला नाही.

वर आल्यावर चहा झाला आणि वाद हवेवर आला. एरवी या विषयाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण जुन्या घरांतल्या उन्हाळी ओलीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

निखिल: वासाचं मी बघितलंय. जुलै-ऑगस्टमध्ये खाली कोंदट वास यायचा, तर मी रोज सकाळी खिडक्या उघडून ठेवायचो. हवा खेळली की ओल जाते, आजीही तेच सांगायची.

आत्या: आजीचं घर जमिनीच्या वर होतं. तिथे आतलं आणि बाहेरचं तापमान जवळपास सारखं. इथे जुलैत बाहेर तीस अंश आणि साठ टक्के आर्द्रता असते. अशी हवा एकवीस-बावीस अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. तुझ्या भिंतीचा तळ मातीत आहे, तो भर उन्हाळ्यातही सतरा-अठराच्या आसपास राहतो. तू खिडकी उघडतोस तेव्हा बाहेरची वाफ आत येऊन त्या गार भिंतीवर पाणी होते, बर्फ घातलेल्या सरबताच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तशी. वर्षभर पाऊस पडला नाही तरी तुझं बेसमेंट ओलं राहील, आणि तू म्हणशील भिंत गळते.

निखिल: म्हणजे मी रोज ओल आत घेत होतो?

आत्या: उन्हाळ्यात, हो. मे ते सप्टेंबर खिडक्या बंद. डिह्युमिडिफायर लाव, त्याची नळी थेट ड्रेनमध्ये सोड, बादली ओतायचा कंटाळा आला की यंत्र बंद पडतं. आधी वीस डॉलरचा आर्द्रतामापक आण आणि भिंतीजवळ ठेव. आकडा पन्नासच्या खाली राहिला तर उत्तम, साठच्या वर गेला तर बुरशीची तयारी. आणि तुझ्या ड्रायरची नळी मागे निसटलीय, मघाशी बघितली. कपड्यांतलं सगळं पाणी खालीच सोडतेय ती. ती आज लाव.

भिंतीच्या आत काय घालायचं यावरही दोघांचं जमलं नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर लाकडाच्या उभ्या पट्ट्या, मध्ये फायबरग्लास, त्यावर प्लास्टिकचा पडदा, त्यावर ड्रायवॉल असा क्रम होता. अनेक बेसमेंटं अशीच झाली आहेत आणि निखिलच्या दोन मित्रांचीही. आत्याचं म्हणणं असं की, फायबरग्लासमधून हवा आरपार जाते. हिवाळ्यात खोलीतली उबदार हवा फटींतून गार काँक्रीटला भिडते आणि तिथे ओली होते. उन्हाळ्यात भिंतीतली ओल आत सुकू पाहते तर प्लास्टिक तिला अडवतं. दोन्ही ऋतूंत पाणी मधल्या पोकळीत. मॅसॅच्युसेट्समधली बिल्डिंग सायन्स कॉर्पोरेशन ही संस्था कित्येक वर्षं हेच सांगते आहे. फोमच्या कडक पाट्या थेट काँक्रीटला चिकटवा, सांधे बंद करा, मग पुढे फ्रेम उभी करा, प्लास्टिकचा पडदा घालू नका. खोलीतली हवा गार भिंतीपर्यंत पोचलीच नाही तर तिथे पाणी धरणार नाही. फोम जळतो, म्हणून त्यावर ड्रायवॉल हवंच. फ्रेमची तळपट्टी ट्रीटेड लाकडाची, आणि ड्रायवॉल फरशीपासून अर्धा इंच वर.

निखिल: याने खर्च वाढतो.

आत्या: वाढतो. पण भिंत एकदाच होते.

फरशीवरून आणखी एक गोष्ट निघाली. एका बाजूचं कार्पेट उचलल्यावर खाली नऊ इंची काळपट चौकोनी फरश्या होत्या. १९५० च्या दशकातल्या त्या मापाच्या फरश्यांत आणि त्यांच्या खालच्या काळ्या डिंकात अनेकदा अॅस्बेस्टॉस असतं. अखंड असताना त्या त्रास देत नाहीत, फोडल्या किंवा घासल्या की धूळ होते. प्रयोगशाळेत एक तुकडा तपासून घेतल्याशिवाय तिथे छिन्नी लावायची नाही, एवढ्यावर दोघांचं लगेच एकमत झालं.

रेडॉनचंही तसंच. हा किरणोत्सारी वायू जमिनीतून त्याच भेगांनी वर येतो ज्यांनी ओल येते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखाल तेच मोठं कारण मानतात. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्राचे इंजिनिअर स्टॅनली वॉट्रस कामावर गेले की किरणोत्साराचे अलार्म वाजू लागले. केंद्र तेव्हा सुरूही झालं नव्हतं. शोध घेता ते किरण त्यांच्या घरातल्या रेडॉनचे निघाले, आणि अमेरिकेने घरांतल्या रेडॉनकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. ज्या रीडिंग प्राँग नावाच्या खडकपट्ट्यावर ते घर होतं, तो न्यू जर्सीच्या उत्तर भागातूनही जातो. चाचणी स्वस्त आहे. आकडा हवेच्या लिटरमागे चार पिकोक्युरीवर गेला तर पाइप आणि पंखा बसवावा लागतो, तो फिनिशिंगच्या आधी बसवणं सोपं, नंतर भिंती फोडून. सम्प केला तर त्याचं झाकण हवाबंद हवं, तेही याचसाठी.

निखिल: आत्या, तू जे म्हणतेस ते मला कळतंय. पण माझी बाजूही ऐक. तुझ्या यादीने गेलो तर पुढचा सप्टेंबर उजाडेल. ईशा आता पाच वर्षांची आहे. खेळायची खोली तिला आत्ता हवीय, ती दहाची झाल्यावर नाही. सत्तर वर्षं हे घर उभं आहे, पडलं नाही. शंभर टक्के कोरडं बेसमेंट तुला एक तरी माहितेय का? मग मी कशाची वाट बघायची? घर वापरायला असतं, तपासत बसायला नाही.

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मला विचाराल तर त्या दिवशीचा सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच होता. ओलीचे जाणकार बहुधा घराचा विचार करतात आणि घरात राहणाऱ्यांच्या वयाचा विसरतात.

आत्या: शंभर टक्के कोरडं नसतंच. मी तेवढं मागतही नाही. मागते ते एवढंच की झाकायच्या आधी एक वसंत आणि एक उन्हाळा तू ती भिंत उघडी बघ. पण उघडी ठेवायची म्हणजे वापरायची नाही असं कुठे म्हटलं मी? छताला पांढरा रंग दे, चांगले दिवे लाव. फरशीवर उचलता येतील अशा रबराच्या पाट्या टाक. झोपाळा, चित्रांचं टेबल, पुस्तकं, सगळं भिंतीपासून फूटभर आत, लोखंडी मांडण्यांवर. पुठ्ठा नको, कार्पेट नको. हजार-दीड हजारात नोव्हेंबरअखेर तिची खोली तयार. पाणी आलं तर पाट्या उचलशील, पुसशील, कुठून आलं ते खडूने भिंतीवर खूण करशील. ड्रायवॉलमागे हे काहीच करता येत नाही.

निखिल: आणि आई-बाबा?

आत्या: त्यांना वर ईशाची खोली. ईशाला तुमच्याजवळ. सहा महिने. गुडघेदुखीच्या माणसाला रोज तो अरुंद जिना उतरायला लावण्यापेक्षा हे बरं.

दोघांत ठरलं ते असं. कॉन्ट्रॅक्टरला होकार नाही, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा भाव मागायचा, फोमच्या पाट्यांसह. पन्हळी आणि नळ येत्या महिन्यात. मातीचा उतार थंडीत जमीन गोठायच्या आत. रेडॉनची चाचणी हिवाळ्यात, घर बंद असताना. वॉटरप्रूफिंगवाल्यांचा कागद फ्रिजवर, एप्रिलच्या पावसानंतर बघायला. एका गोष्टीवर निखिल शेवटपर्यंत हटला नाही: एप्रिल आणि जुलै दोन्ही कोरडे गेले तर तिसऱ्या कोणत्याही चाचणीसाठी तो थांबणार नाही. मला त्याचं बरोबर वाटतं. जोराचे दोन-तीन पाऊस, बर्फ वितळण्याचा एक हंगाम आणि दमट उन्हाळ्याचे काही आठवडे, एवढं पाहिल्यावर भिंतीकडून नवीन काही कळायचं फारसं उरत नाही. त्यापुढे वाट बघणं म्हणजे निर्णय टाळणं. पण ते पाहायच्या आधी झाकलेल्या भिंतीवर घातलेला पैसा नशिबावर सोडलेला असतो, आणि त्यात घरातल्या लहानांची छातीही गुंतलेली असते.

भिंतीच्या मधल्या उंचीवर आडवी भेग असेल किंवा भिंत आत कललेली दिसत असेल, तर मात्र यातलं काहीच लागू नाही. बाहेरच्या ओल्या मातीचा रेटा भिंतीला पेलत नसल्याची ती खूण आहे. तिथे सगळं काम थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा.

तुमच्याही घरी या हिवाळ्यात बेसमेंटचा बेत शिजत असेल, तर कॉन्ट्रॅक्टरला फोन करायच्या आधी एक जोरदार पाऊस येऊ द्या. छत्री घ्या, घराभोवती सावकाश एक फेरी मारा, पन्हळ कुठे ओसंडते, नळाचं पाणी कुठे पडतं, कुठे साचतं याचे फोटो काढा. मग खाली जाऊन त्याच जागेच्या खालची भिंत बघा. भाव द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते फोटो आधी दाखवा, आणि जो ते न बघताच ड्रायवॉलचा दर सांगेल त्याला काम देऊ नका.